समुद्राकाठचं भाड्याचं घर: हंगामाआधी काय काय बघायचं? (आणि एक हट्टी भिंत)

ओहोटी

नमस्कार मंडळी,

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं छोटं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पुढे व्हरांडा, वर गच्ची. हंगामात सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने देतो, उरलेले महिने घर बंद. पहिले पाहुणे यायला सहा आठवडे राहिलेत म्हणून काल घर उघडायला गेले. किल्ली कुलपात निम्मी गेली आणि रुतून बसली. पुढचा तासभर मी पायरीवर आणि शेजारचा मुलगा कुलपाशी झटतोय.

आत गेल्यावर जे दिसलं ते असं. खिडक्यांची सरकती तावदानं जागची हलत नाहीत. नळ सोडला की आधी हवा, मग तपकिरी पाणी. फ्रिज उघडला आणि लगेच लावला (जाताना दार घट्ट बंद करून गेलो होतो, चूक आमचीच). गच्चीच्या रेलिंगवरून गंजाचे ओघळ खाली भिंतीवर उतरलेत, आणि हे रेलिंग मुद्दाम स्टेनलेस स्टीलचं घेतलं होतं बरं का. शेवटी समुद्राकडच्या खोलीतली ती भिंत. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेत, मागे पांढरी भुकटी. सलग तीन वर्षं हीच भिंत, हाच पट्टा. दर वेळी खरवडतो, लांबी (पुट्टी) भरतो, रंगवतो, आणि हंगाम संपेतो पुन्हा येरे माझ्या मागल्या.

प्रश्न दोन. कामं कुठल्या क्रमाने करू? गेल्या वर्षी रंगारी आधी आला आणि प्लंबर नंतर, त्याने नव्याने रंगवलेली भिंत फोडली. दुसरा प्रश्न अर्थात त्या भिंतीचा.

उंटावरचा

सोप्पं आहे. वॉटरप्रूफ रंग मिळतो, आतून दोन हात मारा. भिंतीचा विषय संपला. रेलिंगलाही चंदेरी रंग मारून टाका, पाहुण्यांना काय कळतंय.

नटबोल्ट

@उंटावरचा, नावाला जागलात राव.

@ओहोटी, रेलिंगला रंग लावू नका. आधी ते का गंजलं ते बघू. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लाट फुटली की बारीक तुषार वाऱ्यावर घरापर्यंत येतात, पाणी उडून जातं, मीठ चिकटून राहतं. चिकटून गप्प बसलं असतं तर प्रश्न नव्हता. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणजे पाऊस नसताना, लाट पोचत नसतानाही तुमचं रेलिंग जवळजवळ बारा महिने खाऱ्या पाण्याचा पातळ पदर अंगावर घेऊन उभं असतं.

स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं असा समज आहे. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर धरतो, तोच काय तो रखवालदार. मिठातला क्लोराइड या थराला बारीक भोकं पाडतो. घरगुती कामात सर्रास वापरतात तो ३०४ दर्जा समुद्राकाठी लवकर हार मानतो. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, तो बराच जास्त टिकतो, पण त्यालाही धुवावं लागतंच. कोणी चुंबक लावून '३१६ आहे बघा' म्हणालं तर विश्वास ठेवू नका, चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही.

आता एक करा. रेलिंगच्या नळीच्या वरच्या बाजूवरून बोट फिरवा, मग पोटाकडून फिरवा. काय लागलं ते इथे लिहा.

ओहोटी

आत्ताच जाऊन बघून आले. वरून गुळगुळीत. खालून खरखरीत, बोटाला तांबूस भुकटी आली. चाटून पाहिलं नाही, पण खारट असणार याची खात्री आहे.

नटबोल्ट

तेच. वरची बाजू पावसाने आपोआप धुतली जाते, पोटाकडचं मीठ वर्षानुवर्षं तिथेच. म्हणून गोड्या पाण्याने धुताना पाईप खालून वर धरायचा. सौम्य साबण, मऊ फडकं, पॉलिशच्या रेषांच्या दिशेने. लोखंडी तारेची घासणी मुळीच नको, तिचे कण रुतून बसतात आणि तेच आधी गंजतात. ब्लीच नको, फरशी धुवायचं ॲसिडही नको, दोन्हींत क्लोराइडच असतो. डाग हट्टी असेल तर सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक ॲसिडचा क्लीनर लावा आणि भरपूर पाण्याने काढून टाका.

खरी भीती मात्र डागाची नाही, पायाची आहे. खांब जिथे स्लॅबला बोल्टने बसवलाय तिथली गोल टोपी वर सरकवा आणि आत बघा. त्या फटीत पाणी साचतं आणि सुकत नाही. बोल्ट बारीक झाला असेल तर वरून चकचकीत दिसणारं रेलिंग एका माणसाच्या भाराने जातं.

आणि कृपा करून रेलिंगवर बाहेरच्या बाजूला रेलून मजबुती तपासू नका! आत उभं राहून स्वतःकडे ओढायचं. हललं तर त्या दिवसापासून गच्चीला कुलूप.

निवांत

नटबोल्ट यांच्याशी सहमत. जोडीला दांड्यांमधलं अंतरही मोजा. बऱ्याच ठिकाणच्या बांधकाम नियमांत १०० मिमी व्यासाचा गोळा आरपार जाता कामा नये असा दंडक असतो, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. आपल्या घरात आपण सावध राहतो, भाडेकरूंची पोरं पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यावर चढून बघतात.

भिंतीबद्दल माझा अनुभव वेगळा. माझ्याकडेही अशी एक आहे. तिच्यापुढे कपाट ठेवलं, दहा वर्षं झाली, एकाही पाहुण्याची तक्रार नाही.

ओळंबा

निवांतराव, त्या कपाटाची पाठ एकदा बघा आणि मग सांगा.

मी हयात बांधकामावर काढली, त्यामुळे क्रमाबद्दल आधी बोलतो. ओली कामं आधी, कोरडी नंतर. बाहेरून आत, वरून खाली. छप्पर, गच्ची, पन्हाळी, मग नळ आणि गटारं, मग वीज, मग गिलावा, आणि रंग सगळ्यात शेवटी. रंगाऱ्याला लोक आधी बोलावतात कारण त्याचं काम दिसतं. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला रंगाआधी साधारण चार आठवडे सुकू द्यायचं असतं, आणि तुमच्याकडे सहाच आहेत. म्हणजे गिलाव्याचं काही करायचं तर या आठवड्यात, नाहीतर यंदा नाही.

आता भिंत. तुमची भुकटी म्हणजे मीठच, आपण तिला लोणा म्हणतो. पाणी भिंतीतून वर चढतं, येताना मीठ विरघळवून आणतं. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि मिठाचे खडे मागे राहतात. खडे वाढताना जागा मागतात. भिंत मोकळी असेल तर ते बाहेर फुलतात, तुम्हाला भुकटी दिसते आणि तुम्ही वैतागता. वर जाड, हवा कोंडणारा रंग असेल तर तेच खडे रंगाच्या मागे फुलतात आणि रंगाला, कधी गिलाव्यालाही, उचलून फेकतात. म्हणून वॉटरप्रूफ रंग आतून लावणं म्हणजे ताप आलेल्याच्या अंगावर गोधड्या टाकणं. पाणी कुठून येतंय ते न शोधता कितीही हात मारा.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे सगळे चुकतात. नटबोल्ट म्हणाले धुवा, ते धातूसाठी बरोबर. भिंतीवरचा लोणा धुवायचा नाही. पाणी मारलंत की मीठ विरघळून परत भिंतीत मुरतं, सुकलं की पुन्हा बाहेर. भिंत कोरडी असताना कोरड्या ब्रशने झाडायची, खाली कागद अंथरायचा आणि ती भुकटी घराबाहेर टाकायची.

पाणी कुठलं ते कळायला प्लास्टिकचा प्रयोग करा. ४५ सेंमी लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, चारी कडा चिकटपट्टीने बंद, एक तुकडा त्या पट्ट्यात आणि एक छातीच्या उंचीवर. एक रात्र आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला आले तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे, मग खिडक्या आणि वायुवीजनाकडे बघायचं.

फ्यूज_उडाला

ओळंबाकाकांना दंडवत. धाग्याला वाखु (वाचनखूण) ठोकली.

विजेचं थोडक्यात. एका दिवसाचं काम आहे, पण माहीतगार माणसाकडूनच. गळती पकडणारं आरसीसीबी ३० मिलिअँपियरचं आहे ना बघा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडला नाही तर त्याच दिवशी बदला. पडला तरी अर्थिंग ठीक आहे असं सिद्ध होत नाही, बटण फक्त आतली यंत्रणा तपासतं. अर्थिंग वेगळं मोजून घ्यायचं, कारण जमिनीतला जोड खाऱ्या मातीत हमखास खाल्लेला असतो.

बाहेरचे दिवे आणि गच्चीवरचे सॉकेट उघडा. तांब्याच्या तारेचं टोक हिरवट झालं असेल तर तेवढं कापून नवं टोक काढायचं. सैल आणि गंजलेल्या जोडाचा रोध वाढतो, तो तापतो, आणि पाहुणे सगळी उपकरणं एकदम लावतात तेव्हाच नेमका जळतो. मुंग्या आणि उंदीर ही आमची खास मंडळी. बंद घरात एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये मुंग्या काँटॅक्टरमध्ये (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये) घुसतात, उंदीर वायरी कुरतडतात.

त्या बाहेरच्या युनिटचा मेन बंद करून जाळीवर गोड्या पाण्याची हलकी धार मारा. ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या तांब्याच्या नळीवर बसवलेल्या असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे झाली की बॅटरी, आणि त्यात ॲल्युमिनियम खर्ची पडतं. प्रेशरचा पंप मात्र वापरू नका, पात्या आडव्या होतील.

ता.क. धुराचा अलार्म असेल तर पाठीवरची निर्मितीची तारीख वाचा. १० वर्षं झाली असतील तर वाजत असला तरी बदला.

थेंबथेंब

ओहोटीताई, तुमचं ते तपकिरी पाणी वाचून लिहायला बसले. माझं काम पाण्याच्या तपासणीचं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तपकिरी रंग बहुतेक लोखंडी पाइपाचा गंज, वाहू दिलं की जातो. न दिसणारी गोष्ट जास्त त्रासाची. महिनोन्महिने पाइपात साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढू शकतो. २० ते ४५ अंश सेल्सिअस हे त्याच्या आवडीचं तापमान, म्हणजे उन्हात तापलेली बंद घराची टाकी आणि कोमट ठेवलेला गिझर. हे पाणी पिण्यापेक्षा त्याचे बारीक तुषार श्वासावाटे आत जाणं धोक्याचं, म्हणून शॉवर. १९७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन एका हॉटेलात भरलं होतं, तिथे आलेल्यांना गंभीर न्यूमोनिया झाला. जंतू सापडला जानेवारी १९७७ मध्ये आणि नाव पडलं त्या संघटनेवरून.

मग काय करायचं? आधी टाकी. गाळ काढून, घासून, पुन्हा भरा. निर्जंतुकीकरणासाठी दर हजार लिटरला ५ टक्क्यांचं साधं ब्लीच एक लिटर, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन. घरातला एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून तासभर पाणी पाइपात राहू द्या. नंतर सगळं ओतून टाका आणि वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने धुवून काढा. हे पाणी प्यायचं नाही, झाडांना घालायचं नाही, आणि सेप्टिक टँकमध्ये तर अजिबात सोडायचं नाही, तिथले उपयोगी जंतू मरतात.

शॉवरची जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून क्षार काढा. पण व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड ब्लीचच्या जवळपास आणू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. न्हाणीघर छोटं असतं, खिडकी बंद असते, लोक दोन्ही एकदम ओततात. शॉवर पहिल्यांदा सोडताना जाळी काढलेलीच असू द्या आणि नळीचं तोंड बादलीत धरा, म्हणजे तुषार उडत नाहीत. साठवणीचा गिझर ६० अंशांवर ठेवा. इतक्या गरम पाण्याने कातडी भाजते, म्हणून नळाशी मिश्रण करणारी झडप हवी, घरात मुलं येणार असतील तर हवीच.

गिझर उघडणाऱ्याला मॅग्नेशियमची कांडी दाखवायला सांगा. टाकीऐवजी स्वतः झिजायचं हेच तिचं काम. आतली तार उघडी पडली असेल तर कांडी बदलायची, नाहीतर पुढची पाळी टाकीची.

आणि वास! बंद घरात जो गटाराचा वास येतो तो बहुतेक वेळा तुंबल्याचा नसतो. मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकून जातं आणि वायूला वाट मिळते. तांब्याभर पाणी ओता, वास बंद. पुढच्या वेळी घर लावून जाताना त्या पाण्यावर दोन चमचे खायचं तेल सोडून जा, पाणी लवकर उडत नाही.

ओहोटी

थेंबथेंबताई, वासाचं वाचून सरळ तांब्या घेऊन उठले. खरंच गेला! मी गटारवाल्याला बोलावणार होते.

प्लास्टिकही लावलंय. उद्या कळवते.

उंटावरचा

एवढं सगळं करत बसलात तर हंगाम निघून जाईल. लोक समुद्र बघायला येतात, गिझरची कांडी बघायला नाही.

पाहुणा_नंबर_एक

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, अशा घरांत दर वर्षी उतरणारा. गिझरची कांडी मी बघत नाही हे खरं. पण एका घरात गॅसचा गिझर न्हाणीघरातच होता, धूर बाहेर नेणाऱ्या नळीत पक्ष्याने घरटं बांधलेलं, आणि माझी बायको अंघोळ करून बाहेर आली ती डोकं धरूनच. खिडकी थोडी उघडी होती म्हणून निभावलं. कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) रंग नाही, वास नाही. @ओहोटी, तुमचा गिझर गॅसचा असेल तर ती नळी काठी घालून बघा आणि घरात सीओचा अलार्म लावा.

मालकांना एकच विनंती. पाहुण्यांच्या आधी एक रात्र स्वतः त्या घरात राहा. झाडून-पुसून परत जाऊ नका, राहा. पाहुण्यांच्या गादीवर झोपा, त्यांच्या शॉवरखाली अंघोळ करा, रात्री दोन वाजता अंधारात स्वच्छतागृहाकडे जा. दिव्याचं बटण दाराच्या कुठल्या बाजूला आहे हे मालकाला पाठ असतं, आम्हाला नसतं.

ओहोटी

प्लास्टिकचा निकाल. छातीच्या उंचीवरचा तुकडा दोन्ही बाजूंनी कोरडा. खालचा तुकडा भिंतीकडून थेंबांनी भरलेला, बोटाने टिचकी मारली तर थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळले.

ओळंबाकाका, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काय आहे ते लिहायला विसरले होते. पाय धुवायचा नळ! समुद्रावरून आलेले सगळे तिथेच वाळूचे पाय धुतात.

ओळंबा

तुम्ही रोगी दाखवलात आणि रोग अंगणात ठेवून आलात.

नळाखालच्या फरशीवर बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. आणि भिंतीलगत वाळूचा ढीग आहे का? घराचं जोतं दिसतंय का?

ओहोटी

पाणी भिंतीकडेच गेलं आणि फरशी-भिंतीच्या सांध्यात नाहीसं झालं.

जोतं दिसत नव्हतं. फावड्याने वाळू ओढायला सुरुवात केली. वाऱ्याने येऊन साठलेली, वर कोरडी आणि वीतभर खाली गेल्यावर ओली, काळपट. दोन विती खणल्यावर जोत्याची करडी रेघ दिसली, जी मी घर घेतलं तेव्हा शेवटची पाहिली होती. तिच्यावरचा गिलावा नखाने निघतोय. म्हणजे इतकी वर्षं ओल्या खाऱ्या वाळूचा ढीग जोत्याच्याही वर भिंतीला टेकून बसला होता, आणि आम्ही आतून रंग लावत होतो.

ओळंबा

झालं निदान. जोत्याच्या पातळीवर भिंतीत ओल अडवणारा थर घातलेला असतो. वाळू त्याच्या वर गेली की पाणी त्याला वळसा घालून वर चढतं, थर असून नसल्यासारखा.

वाळू जोत्याखाली एक वीत जाईपर्यंत काढा. नळ भिंतीपासून लांब, स्वतंत्र खांबावर घ्या, फरशीचा उतार बाहेर. बाहेरचा भुसभुशीत गिलावा पाडून ठेवा आणि भिंतीला श्वास घेऊ द्या. आतूनही सुटलेला रंग, लांबी काढून टाका, लोणा दर चार दिवसांनी झाडा. यंदा रंगवू नका. भिंतीत मुरलेलं पाणी सहा आठवड्यांत जात नाही. पुढच्या वर्षी चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी करा, तो ओल कोंडत नाही.

निवांत

पण पाहुण्यांना उघडी भिंत दाखवायची? पहिलाच अभिप्राय 'खोलीची पडझड झालीय' असा येईल. हंगामापुरतं तरी काहीतरी आड ठेवा.

(आणि काका, कपाटाची पाठ बघितली. त्याबद्दल मला इथे काही बोलायचं नाही.)

पाहुणा_नंबर_एक

मला विचाराल तर पापुद्रे सुटलेला रंग घाणेरडा दिसतो, स्वच्छ खरवडलेली भिंत दिसत नाही. 'भिंत सुकवायला उघडी ठेवली आहे' अशी एका ओळीची चिठ्ठी लावा आणि पलंग दुसऱ्या भिंतीकडे घ्या.

नटबोल्ट

भिंत मार्गी लागली, आता राहिलेलं भराभर. खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती वाळूने बुजतात, खराट्याची काडी घालून मोकळी करा, पट्टीतली वाळूही झाडून काढा, तावदानं हलतील. कुलपात तेल नको, तेलाला वाळू चिकटते, टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारा. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचे स्क्रू असतील तर मध्ये नायलॉनचा वायसर. गॅसची रबरी नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला, आणि जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून वास घ्यायचा तर खाली वाकून.

फ्यूज_उडाला

अवांतर: किनाऱ्यावर कासवं अंडी घालत असतील तर समुद्राकडे तोंड केलेले पांढरे दिवे बदला. पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी तुमच्या व्हरांड्यात येतात. पिवळसर-केशरी दिवा, खाली झाकलेला, आणि गरज असेल तेव्हाच.

ओहोटी

पाच आठवड्यांनंतरचा हिशोब देते, कारण कोणीतरी पुढे हा धागा शोधत येईल.

रेलिंगच्या सहा खांबांपैकी दोघांचे बोल्ट टोपीखाली पेन्सिलीएवढे उरले होते. वरून चकचकीत. सगळे ३१६ चे बसवून घेतले. ते होईपर्यंत गच्चीला कुलूप होतं आणि नवरा रोज विचारत होता की कपडे कुठे वाळत घालू. टाकीतून निघालेल्या गाळात एक खेळण्यातली मोटार सापडली, कुणाची, कधीची, देव जाणे. फ्रिज आठवडाभर दार उघडं ठेवून वाचला.

परवा रात्र काढून आले. पाहुणा_नंबर_एक, तुमचं बरोबर निघालं: दिव्याचं बटण पलंगावरून पोचत नाही, गादीच्या मधोमध खड्डा आहे, आणि वारा सुटला की न्हाणीघराची झडप रात्रभर टकटक करते. इतक्या वर्षांत यातलं एकही मला माहीत नव्हतं, कारण आम्ही नेहमी संध्याकाळी कुलूप लावून निघायचो.

भिंत उघडीच आहे, चिठ्ठी लावली आहे. काल पुन्हा प्लास्टिक लावून पाहिलं. थेंब नाहीत, नुसती वाफ धरल्यासारखी धूसर झालीय. लोणा अजून येतो, पण पहिल्या आठवड्यात सुपलीभर यायचा, आता चिमूटभर.

ओळंबा

येऊ दे. बाहेर येतोय तेच बरं. झाडत राहा.

उंटावरचा

मंडळी, एक कबुली. धागा सुरू झाला त्याच आठवड्यात मी माझ्या मागच्या खोलीत वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले होते. आज पलंग सरकवला तर मागे पापुद्रा सुटलाय, हात घालता येईल एवढा.

काका, प्लास्टिक केवढं घ्यायचं म्हणालात?

ओळंबा

४५ सेंमी. चारी कडा बंद. आणि आधी बाहेर जाऊन बघा, भिंतीला काय टेकलंय.